उडावळव्याची गाडी

कट्ट.

दुपारच्या सामसुमीत अडकित्त्याचा एवढासाच आवाज झाला आणि किर्तीनं हातातला फोन उपडा ठेवला. म्हणजे सासूबाई झोपल्या नव्हत्या. पडद्यापलीकडे त्या सुपारी कातरत जाग्या होत्या, आणि किर्तीनं आत्ताच नवऱ्याला फोनवर बोलून पाठवलेला निरोप त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता.

निरोप तसा साधा होता. "विनीत, गाडी केली रे मी. आठ दिवसांची. होळीच्या आदल्या दिवशी निघायचं. उडावळवे पण धरलंय. आईंना रविवारी सांगू, तू समोर असताना."

उडावळवे श्रीलंकेत आहे. तिथे मोठं जंगल आहे, जंगलात हत्ती आहेत आणि जंगलाच्या कडेला तंबू आहेत. त्यातला एक तंबू दोन रात्रींसाठी किर्तीचा झाला होता. कोलंबोला उतरायचं, विमानतळावरच भाड्याची छोटी गाडी घ्यायची, आपली आपण चालवत आधी कितुलगलाच्या नदीत राफ्टिंग करायचं, मग एल्लाचे डोंगर चढायचे आणि शेवटी उडावळवे. हा सगळा बेत तिनं पाच महिने तुकड्यातुकड्यांनी जमवला होता. एक तुकडा कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये, एक लेकीच्या, बकुळाच्या नाचाच्या क्लासबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी, आणि बरेचसे तुकडे ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कॅमेरा बंद करून.

गाडी चालवणार होती किर्ती. विनीतकडे लायसन होतं, पण त्याचा उपयोग तो फक्त बँकेत पत्ता दाखवायला करायचा. किर्ती दादरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये रोज सकाळी साडेसहाला जाऊन शिकली होती. घरात गाडी नव्हती, येण्याची चिन्हंही नव्हती. ती शिकली होती ती केवळ या आठ दिवसांसाठी. आठ दिवस तिला कोणी "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" असं विचारणार नव्हतं. विनीत विचारणार होता, पण एकटा विनीत परवडला.

एकच चूक झाली होती, आणि ती चूक ठाकूरद्वारची होती. किर्तीचं माहेर तिथलं. तिथे "गाडी केली" म्हणजे टॅक्सी केली, सामान फार होतं म्हणून. प्रभादेवीच्या या जुन्या तीनमजली इमारतीत मात्र तेहतीस खोल्यांपैकी सत्तावीस खोल्या सिंधुदुर्गातल्या होत्या आणि "गाडी केली" याचा अर्थ इथे एकच होता. गावाला जायला गाडी ठरवली. आणि गावची गाडी ही कोणा एकाची नसते.

पडदा सरला. शेवंतीबाई गुडघ्यावर हात ठेवून दारात उभ्या होत्या.

"गाडी केलंस?"

"हो आई. म्हणजे..."

"शिमग्याक?"

"होळीला जोडून. पण ऐका ना, ते जरा वेगळं..."

"गाव खंयचा म्हणालंस? उडा..."

"उडावळवे," किर्ती म्हणाली, आणि तेवढ्यात लॅपटॉपनं टुंग केलं. मीटिंग सुरू झाली होती आणि साहेब पहिल्याच वाक्यात तिचं नाव घेत होते. तिनं सासूबाईंना बोट दाखवलं. एकच मिनिट.

ते मिनिट पन्नास मिनिटांचं झालं. तिनं कानातून हेडफोन काढले तेव्हा शेवंतीबाई घरात नव्हत्या. गुडघ्यांमुळे गच्चीवर पापड वाळत घालायला न जाणारी ही बाई त्या पन्नास मिनिटांत तिन्ही मजले फिरून आली होती.

संध्याकाळी गुणाजीकाका आले. गुणाजीकाका म्हणजे इमारतीतल्या ग्रामविकास मंडळाचे चिटणीस, आणि त्यांच्या काखेत नेहमीची लाल वही होती. ती वही बघून किर्तीला एकदम थकल्यासारखं वाटलं.

"बस गो, चाय नको," ते बसत म्हणाले. "किती सीटर आहे?"

"काका, तुमचा गैरसमज होतोय. ती छोटी गाडी आहे. फोर सीटर."

"फोर सीटर म्हणजे सात," काकांनी लिहून घेतलं. "उडावळवे ना? अरे, ते आमच्या वळिवंड्याच्या पुढे. माझ्या मेव्हण्याची सासुरवाडी तिथलीच. रस्ता खराब आहे पण."

किर्ती घाईघाईनं म्हणाली, "काका, हे ते नाही. तिथे जंगल आहे. हत्ती आहेत, जंगली. कळपच्या कळप."

आता तरी उजेड पडेल असं तिला वाटलं. काकांनी मान हलवली. "खरं आहे. हल्ली दोडामार्गाला उतरतात, केळीच्या बागाच्या बागा फस्त करून जातात. आता इकडेपर्यंत आले म्हणायचे. सांभाळून जायला पाहिजे. पहाटे चारला निघू, म्हणजे घाट उजेडी मिळेल."

"निघू?" किर्ती म्हणाली.

"मी आणि आमची ही. आम्हाला कासार्ड्याच्या तिठ्यावर सोडलंत तरी चालेल. आम्ही काय जागा खात नाही." काका जवळजवळ शंभर किलोचे होते. "आणि ढोल. पालखीचा आहे, त्याला नाही म्हणू नये."

तेवढ्यात बकुळाला जेवणाआधी शी आली, आणि जगातलं कुठलंही स्पष्टीकरण त्यापुढे टिकत नाही. किर्ती बाथरूममधून परतली तेव्हा काका गेले होते आणि दारामागे ढोल उभा होता.

विनीत घरी आला, ढोलाला अडखळला, सगळं ऐकलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग हसायचा थांबला.

"आईला सांगितलंस?"

"तू सांगणार होतास. रविवारी."

"पण गाडी तू केलीस ना."

"आई तुझी आहे ना."

यावर दोघांनी गुपचूप आमटी-भात खाल्ला.

गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या लक्ष्मीकाकूंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला छताचा पंखा आणून ठेवला. पंख्यासोबत जुन्या साड्यांचं एक गाठोडं होतं, गोधडीसाठी. "पायाशी राहील गो, वजन काय ना त्याचं." शुक्रवारी कोपऱ्यातल्या खोलीतल्या दत्तूनं विचारलं, "वैनी, गाडीला कॅरिअर आहे ना? नाय, एक दरवाजा होता. संडासाचा. फायबरचा आहे, एकदम हलका." किर्ती प्रत्येकाला सांगायला तोंड उघडायची, आणि प्रत्येक जण तिच्या उघड्या तोंडाकडे बघून म्हणायचा, "राहू दे, चहाचं नको करू."

शनिवारी सकाळी तिनं ठरवलं की बास. आत्ताच्या आत्ता आईंना सांगायचं. ती पडद्यापाशी गेली तर शेवंतीबाई गावच्या जावेशी फोनवर बोलत होत्या. त्यांचा फोनवरचा आवाज फोन नसता तरी गावापर्यंत पोचला असता.

"सुनेन गाडी केल्यान गो, सुनेन! नाय, कोणाच्या गाडीतून नाय. आमची गाडी... होय तर. ह्या टायमाक मी मागे नाय बसूचंय. पुढे बसतलंय, काचेकडे."

किर्ती पडद्याला धरून उभीच राहिली. लग्न झाल्यापासून सात वर्षं ती हे बघत आली होती. सासरे गेल्यावर शेवंतीबाई दर शिमग्याला, दर गणपतीला दुसऱ्यांच्या गाडीतून जायच्या. सर्वांत मागची घडीची सीट, पायांत तांदळाचं पोतं, मांडीवर कुणाचं तरी पोर, आणि वर "वैनी, जरा ॲडजस्ट करा हां." त्यांना मागे बसून मळमळायचं. त्या तोंडात सुपारी धरून, एक शब्द न बोलता दहा तास जायच्या. सीटचे उपकार असतात, उपकाराला खिडकी मागता येत नाही.

किर्ती परत फिरली. कामवाल्या बाई न आल्यामुळे साठलेली भांडी तिनं घासून काढली. आठ दिवस रद्द करावेत, असंही तिच्या मनात एका कढईपुरतं येऊन गेलं. मग तिला तो तंबू आठवला, आणि आपल्या हातातलं स्टिअरिंग. तिनं कढई जरा जास्तच जोरात घासली.

रविवार उजाडला. चहा झाला. विनीतनं पेपर उलटा धरला होता.

"आई," किर्ती म्हणाली, "ती गाडी गावाला नाही जात."

"मगे?"

"श्रीलंकेला जाते. म्हणजे आम्ही विमानानं जाणार आणि गाडी तिथे मिळणार. उडावळवे तिथेच आहे. मी, विनीत आणि बकुळा. आधीच सांगायला हवं होतं, आई. चुकलं माझं."

शेवंतीबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "लंका?"

"हो."

"ड्रायव्हर कोण?"

"मी."

"तू?" त्यांनी सुनेकडे अशी नजर टाकली, जशी बाजारात बांगडा ताजा आहे का हे बघताना टाकायच्या. "आणि मी खंय?"

"रुपालीताईकडे," विनीत पेपरामागून म्हणाला. "भांडुपला. आठच दिवस. ताईशी बोललोय मी."

शेवंतीबाई उठल्या, पदर खोचला आणि गॅलरीत गेल्या. त्या रडणार, असं किर्तीला वाटलं. विनीतला वाटलं, त्या भांडणार. दोघं धडपडत मागे गेले.

"गुणाजी!" शेवंतीबाईंनी हाक मारली. समोरच्या दोन मजल्यांवर दारं उघडली. "तुझो ढोल घेऊन जा. जागा नाय."

गुणाजीकाका बनियनवर बाहेर आले. "काय झालं वैनी? सात सीट धरल्यात आपण."

"गाडी फुल झाली."

"अहो, मी कोपऱ्यात ॲडजस्ट होईन ना."

"नाय होवचंस," शेवंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक कोवळं, हळू पसरणारं सुख उमटलं. किर्तीनं सात वर्षांत ते कधी पाहिलं नव्हतं. "कोपऱ्यात माणसाक मळमळता. माका म्हायत आसा."

मग त्या थांबल्याच नाहीत. लक्ष्मीकाकूंच्या दारात पंखा स्वतः नेऊन टेकवला. "जागा नाय गो लक्ष्मी. पायाशी तर नायच नाय." दत्तूच्या संडासाच्या दरवाजाला तर त्यांनी दोनदा नकार दिला, एकदा दत्तूला आणि एकदा त्याच्या बायकोला. ज्यांनी जागा मागितलीच नव्हती अशा दोन बिऱ्हाडांनाही त्या जागा नाही म्हणून सांगून आल्या.

"पण गाडी जाते तरी कुठे एवढी भरून?" गुणाजीकाकांनी ढोल उचलता उचलता विचारलं. त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

"लंकेक."

"लंकेक? वैनी, उडावळवे वळिवंड्याच्या पुढे. माझ्या मेव्हण्याची..."

"तो तुझो मेव्हणो. माझी सून विमानान जातली."

"आणि गाडी कोण चालवणार?"

"तीच."

काकांनी किर्तीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "बाईमाणूस घाटात... सांभाळून हां वैनी."

"तुझ्या पोरान भर सपाटीर गाडी म्हशीक लावल्यान," शेवंतीबाई म्हणाल्या. "म्हशीन सांभाळल्यान म्हणान तो वाचलो."

सगळी इमारत हसली. काका ढोल घेऊन आत गेले आणि आतून ढोलावर एक थाप ऐकू आली. ती रागाची होती की ढोल दाराला आपटला, हे कळायला मार्ग नव्हता.

घरात आल्यावर विनीतनं अपराधीपणानं विचारलं, "आई, तू पण येतेस का? अजून वेळ आहे. पासपोर्ट काढता येईल."

किर्तीचा श्वास अडकला. तिला स्वतःची लाज वाटली, पण अडकला तो अडकलाच.

"मी येवचंय नाय," शेवंतीबाई म्हणाल्या. "रुपालीकडे टीव्ही मोठो आसा. पण माझी जागा ठेवा."

"म्हणजे?"

"पुढची, काचेकडची. कोणी इचारल्यान तर आसा म्हणान सांगा. बसूक होयाच असा थोडाच आसा?"

किर्तीनं मान हलवली. तिला एकाच वेळी सुटल्यासारखं आणि कसंसंच वाटत होतं. दुपारभर तिनं दारामागची जागा झाडली. चार दिवसांत तिथे ढोलाच्या आकाराचा एक स्वच्छ गोल उमटला होता. विनीत लोळत होता. सासूबाई नातीला मांडीवर घेऊन लंका कुठे आहे ते हातवारे करून समजावत होत्या. त्यांचा भूगोल बराच मोठा होता आणि त्यात समुद्रावर दगड टाकले जात होते.

संध्याकाळी किर्ती लॅपटॉप घेऊन खिडकीत बसली. तिथे गाडी चालवायला तिकडचा एक परवाना लागणार होता, त्याचा अर्ज भरायचा राहिला होता. नाव झालं, जन्मतारीख झाली. "प्रवासाचा उद्देश" या रकान्यापाशी बकुळा येऊन तिच्या दंडाला टेकली. केसांना आजीच्या तेलाचा वास होता.

"आई, आजी म्हणते लंकेत सीतेला ठेवलं होतं. खरं?"

"गोष्टीत तसं आहे."

"छान होती लंका?"

"खूप छान. मोठ्या बागा होत्या. सोन्याची होती म्हणतात."

"तरी ती रडायची?"

"हो."

"घरी यायचं म्हणून?"

"हो गं राणी. घरी यायचं म्हणून."

बकुळानं स्क्रीनवरच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मग तुला घरातून तिकडे का जायचंय?"