मारुतीरावांच्या पाठीमागचं ड्रेनेज

मारुतीराव पालथे पडून रजेचा अर्ज सांगत होते. पाठीवरचं पेरूएवढं गळू डॉक्टरांनी सकाळीच फोडलं होतं. आत नळी, नळीला पिशवी, आणि वर ताकीद: "चार दिवस ड्रेनेज चालू राहील. कामावर जायचं नाही." कचेरी सीमाभागातली, अर्ज कन्नडमध्ये लागतो, म्हणून फोनवर तिथला यल्लाप्पा. मारुतीराव तिथले हेडक्लार्क; गळू हा शब्द त्यांच्या इभ्रतीला शोभण्यासारखा नव्हता.

"लिव्ह रं यल्लाप्पा, पाठीमागं ड्रेनेज घातलंय. चार दिस घर सोडता येत न्हाय."

"ड्रेनेज म्हंजे चरंडीच की री?"

"व्हय, व्हय. लिव्ह."

कन्नडमध्ये चरंडी म्हणजे गटार. हे मारुतीरावांना माहीत होतं; त्यांना दिलेल्या गुंगीच्या सुईला माहीत नव्हतं.

अर्ज: घरामागे गटाराचे काम चालू असल्याने चार दिवस रजा मिळावी.

शेरा: गटार ही रजेची बाब नव्हे. नामंजूर. हजर व्हा, नाहीतर चौकशी.

मारुतीरावांच्या पत्नी शालूबाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कचेरीत धावल्या. चिठ्ठीत वाचता येण्यासारखा एकच शब्द होता: ड्रेनेज.

"बाई, आम्ही तरी वेगळं काय म्हणतोय?" साहेब म्हणाले.

"अवो सायेब, गटार न्हाय! पू हाय, पू!"

"गटारात पू? मग आरोग्य खात्याला कळवायला पाहिजे."

कळवलं. गल्लीचे नऊ वर्षांचे अर्ज जिथे कधी पोचले नव्हते, तिथे हा कागद दुपारच्या चहाआधी पोचला. दुसऱ्या दिवशी दोन अधिकारी आले. घराच्या मागे कसून पाहणी झाली. मारुतीरावांच्या मागे कुणीच बघितलं नाही.

अहवाल: सदर जागी गटार आढळून आले नाही. साथीचा धोका. तातडीने बांधावे.

जेसीबी आला. खाट हादरायला लागली. नळी हलली की मारुतीराव ओरडायचे, आणि बाहेरचा मुकादम म्हणायचा, "मालक उभं ऱ्हाऊन काम करून घेतंय बगा!" तिसऱ्या दिवशी गटार वाहू लागलं. फोटो निघाले. पाठीतलं अजून वाहतच होतं, पण त्याचा फोटो मागितला गेला नाही.

आदेश: गटार पूर्ण झाल्याचा दाखला प्राप्त. रजेचे कारण संपुष्टात आले. तात्काळ हजर व्हावे.

शर्टाखाली पिशवी लपवून मारुतीराव वाकत वाकत निघाले. दारातच शेजारच्या मालुबाईंनी त्यांना गाठलं.

"तुमच्यामुळं गटार झालं बगा. गल्लीवर लई उपकार! आता म्होरचा रस्ता तेवढा ऱ्हायलाय. कवापासनं बंदच हाय."

"मग मी काय करू, मालुबाई?"

मालुबाईंनी त्यांच्या छातीकडे मोठ्या आशेनं बघितलं.

"त्ये ब्लॉकेज का काय म्हंत्यात, त्ये हाय का एकदा तपासून घ्या की!"