रिकाम्या खुराड्यातलं अंडं

थेल्मा कटफर्थनं खुराड्याचं दार लावलं, कडी घातली आणि आत कुणीही नसताना म्हणाली, "झोपा आता. भांडू नका."

नोव्हेंबरात त्या सपाट पाणथळ मुलखात चहाच्या वेळेलाच दिवेलागण होते. शेतांवरून धुकं सरपटत यायचं. आधी कालवा गिळायचं, मग चर्चचा मनोरा, आणि शेवटी थेल्माच्या परसातलं सफरचंदाचं झाड. त्या पांढऱ्या शून्यात एक हिरवं, नवंकोरं खुराडं तेवढं उरायचं आणि त्याच्याशी गप्पा मारणारी ही बाई.

थेल्माला वेड लागलेलं नव्हतं. ती सराव करत होती.

पिंजऱ्यातल्या कोंबड्या सोडवणाऱ्या संस्थेच्या ब्रिजेट ओल्डरशॉनं फोनवर बजावलं होतं, "हे बघ बदके," (त्या भागात मायेनं कुणालाही बदकच म्हणतात) "यांनी जन्मात आभाळ पाहिलेलं नाही. अंधार पडला की घरात जायचं असतं, हे त्यांना ठाऊक नाही. तेव्हा त्या यायच्या आधीपासूनच सवय लावून घे. एक संध्याकाळ विसरलीस की कोल्ह्याचा नाताळ! आणि खुराडं बघून, शेजाऱ्याला विचारून मगच मी कोंबड्या देते. शनिवारी ज्यांना घर मिळत नाही त्यांना रविवारी ट्रक मिळतो. कत्तलखान्याचा."

हे ऐकल्यापासून थेल्माच्या जिवाला घोर लागला होता. नवरा, नॉर्मन, गेल्यापासून घरात आवाज करणारा असा एक फ्रिजच उरला होता, आणि तोही मधूनमधून गप्प व्हायचा. तिला त्या कोंबड्या हव्याच होत्या. आणि थेल्मा कुठलीही गोष्ट अर्धवट करणाऱ्यांतली नव्हती. ती रोज दाणे टाकायची, "चक् चक् चक्" करून बोलवायची, हात पसरून मागे रेंगाळणाऱ्यांना हाकलायची. एखादी फारच हट्टी निघाली तर वाकून तिला काखेत धरायची आणि अलगद आत ठेवायची. हवेला काखेत धरणं वाटतं तितकं सोपं नसतं.

कुंपणापलीकडे क्लिफर्ड ब्लेड्स राहायचे. जन्मभर कालव्याचे पंप सांभाळून निवृत्त झालेले. वर्षानुवर्षं दोघं कुंपणावरून बोलत आले होते, ते फक्त हवामानावर. त्या आठवड्यात मात्र ते टोपी सारखी करत म्हणाले, "सगळं ठीक ना, मिसेस कटफर्थ?"

"ठीक. तुमचं?"

"ठीक."

इतकी चौकशी त्यांनी पूर्वी नॉर्मनच्या अंत्यविधीलाच केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेल्मानं सरावाप्रमाणे दार उघडलं, "उठा बायांनो" म्हटलं आणि पेंढ्याच्या कप्प्यात डोकावली. आत अंडं होतं.

तिनं उचललं. गरम होतं.

धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे बूट दिसत नव्हते. कुठंतरी कुणीतरी खोकलं, अगदी नॉर्मन खोकायचा तसं, दबकत, जणू दुसऱ्याच्या घरात खोकतोय. थेल्मा अंडं पोटाशी धरून जी धावली ती स्वैपाकघरात येऊन थांबली. अंडं तिनं खिडकीत ठेवलं. खाण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याच्या आईचा पत्ता नाही ते अंडं तव्यावर कसं फोडायचं?

पुढच्या सकाळी दुसरं. मग तिसरं. खिडकीत बसून ती अंडी थेल्माकडे बघत राहायची. थेल्मानं कुणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? नसलेल्या कोंबड्या अंडी घालू लागल्यात? ब्रिजेटच्या कानावर गेलं असतं, तर शनिवारच्या कोंबड्या हातच्या गेल्या असत्या. तिनं मुकाट्यानं सराव चालू ठेवला. फक्त आता ती आतल्यांशी जरा आदरानं बोलायला लागली.

शनिवारच्या आदल्या दिवशी ब्रिजेट पाहणीला आली. जाडजूड, लालबुंद, चिखलाच्या बुटातली बाई. आधी क्लिफर्डच्या फाटकाशी थांबून बोलली आणि आत आली ती तोंड आवळूनच. फोनवरचं 'बदके' फोनवरच राहिलं होतं.

"तुम्ही तर कधी कोंबड्या पाळल्या नाहीत म्हणाला होतात, मिसेस कटफर्थ."

"नाहीच पाळल्या."

"शेजारी म्हणतात, आहेत. छान आहेत म्हणे. गुणी आहेत. नियमानं अंडी देतात."

थेल्मानं कुंपणाकडे पाहिलं. म्हणजे त्यांनाही दिसतात?

ब्रिजेटनं कप्प्याचं झाकण उचललं. आत अंडं. तिनं ते हातात घेतलं आणि डोळे बारीक केले. "गरम आहे. कोंबड्या कुठायत?"

"नाहीत."

"होत्या?"

"नव्हत्या."

"मग हे कोणी घातलं? तुम्ही?"

"रोज येतं ते," थेल्मा पुटपुटली.

"खाल्ल्यात का त्यांना? की कोल्ह्यानं नेल्या आणि झाकताय?"

"अहो, नसलेल्या कोंबड्या कोल्हा कसा नेईल?"

"ते मला माहीत नाही. पण असलेल्या कोंबड्या मी इथं देणार नाही." ब्रिजेट वळली.

तेव्हा थेल्मानं जे केलं ते त्या गल्लीत आजवर कुणी केलं नव्हतं. ती कुंपणाशी जाऊन ओरडली, "मिस्टर ब्लेड्स! इकडे या! आत्ताच्या आत्ता!"

क्लिफर्ड टोपी हातात घेऊन आले. ब्रिजेटनं अंडं त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यावर एका बाजूला फिकट गुलाबी डाग होता. दुकानातल्या अंड्यांवर लाल सिंहाचा शिक्का असतो, तो घासल्यावर राहतो तसा.

"हा सिंह कोणी पुसला?"

क्लिफर्डनी नजर बुटांकडे वळवली. "व्हिनेगरनं निघतो," ते म्हणाले. "जवळजवळ."

"आणि गरम कसं?"

त्यांनी कोटाच्या आतून लोकरीचं टोपडं काढलं. चहाच्या किटलीला घालतात तसलं. वर गोंडा होता.

"पण का, मिस्टर ब्लेड्स?" थेल्माचा आवाज चिरकला. "मी रात्र रात्र जागतेय!"

"तुम्हाला कोंबड्या दिसत होत्या," क्लिफर्ड बुटांनाच सांगत राहिले. "मला दिसत नव्हत्या. आता हे माणसाला तोंडावर कसं सांगायचं? एवढं मायेनं करताय बिचाऱ्या, अगदी काखेत धरून निजवताय, निदान अंडं तरी मिळू दे, म्हटलं."

"अहो, एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं की. सगळं ठीक ना म्हणून."

"मग मी ठीक म्हणाले ना?"

"म्हणून तर म्हटलं, प्रकरण गंभीर आहे."

ब्रिजेटनं तोंडावर रुमाल धरला होता. तिचे खांदे हलत होते. "सराव करत होती ती," ती शेवटी म्हणाली. "मीच सांगितलं होतं. पण दार लावायचा सराव कर म्हटलं होतं, काखेत धरून निजवायला नव्हतं सांगितलं!" मग डोळे पुसत थेल्माकडे वळली. "उद्या दुपारी घेऊन येते, बदके."

शनिवारी कोंबड्या आल्या. खोक्यांतून एकेक करून उतरल्या. निम्मी पिसं झडलेली, उघडी गुलाबी कातडी, रक्त उरलं नसल्यासारखे फिकट तुरे. आवाज नाही. गवतावर पाय टाकायच्या आणि चटका बसल्यासारख्या उचलायच्या. मग सगळ्या एकदम थांबल्या आणि माना वर करून धुक्याकडे बघत राहिल्या.

क्लिफर्ड कुंपणाशी होते. घसा खाकरून म्हणाले, "या मला दिसतायत."

"मलाही."

"मग बरं."

अंधारून आलं तरी एकही खुराड्याकडे वळेना. झाडाखाली एकमेकींना चिकटून बसल्या, जशा जन्मभर बसल्या होत्या. थेल्मानं वाकून पहिली उचलली आणि काखेत धरली. ते ऊन, हडकुळं ओझं क्षणभर थरथरलं, आणि मग तिच्या बरगड्यांना टेकून स्वस्थ झालं. थेल्माला नाक पुसायला हात मोकळा नव्हता. एकेक करत तिनं सगळ्या आत दांडीवर नेऊन ठेवल्या.

दार लावण्याआधी दोघांनी कंदील धरून पाहिलं. दांडी चांगली लांब होती, पण कोंबड्या एका टोकाला दाटीवाटीनं बसल्या होत्या. भिंतीकडची, वाऱ्यापासून आडोशाची, सगळ्यांत उबदार जागा मोकळी होती. कडेच्या एकीला बसायला धड जागा नव्हती. ती त्या मोकळ्या कोपऱ्याकडे सरकली, एकदम थबकली, मान आत घेतली आणि माफी मागितल्यासारखी मागे झाली. बाकीच्या सगळ्या त्याच कोपऱ्याकडे बघत होत्या.

"माझ्या आजीकडे कोंबड्या होत्या," क्लिफर्ड हळूच म्हणाले. "ती जागा मानाच्या कोंबडीची. जुनी असते ती बसते तिथं. नव्या जात नाहीत."

"या सगळ्याच नव्या आहेत, मिस्टर ब्लेड्स."

"हो."

"तुम्ही काही..."

"या खेपेला मी काहीही केलेलं नाही."

कंदिलाची ज्योत जरा हलली. क्लिफर्डनी सावकाश टोपी काढली, आधी त्या रिकाम्या कोपऱ्याला म्हणाले, "शुभ रात्री, मॅडम," आणि मग बाकीच्यांना. थेल्मानं शक्य तितक्या हलक्या हातानं कडी घातली.

आतून झोपाळू, समाधानी असं एक "कुर्र" आलं. भिंतीकडून आलं.

दोघांनीही ऐकलं. पण कोण ते विचारायची त्या मुलखात पद्धत नव्हती.