आष्ट्याचं जेवण आणि ब्रेकमधली हवा

सांगलीतल्या हळदीच्या एका पेढीवरच्या पायगोंडांनी ठरवलं, की मोटारीच्या ब्रेकमधली हवा आपणच काढायची. (इथंच सगळं बिघडलं.)

गल्लीत नुकताच केबल टीव्ही आला होता, त्या वर्षी त्यांनी जुनी मोटार घेतली. तीतून सासुरवाडीला, आष्ट्याला, आज पहिल्यांदाच निघायचं होतं. जावई मोटारीतून उतरताना सगळ्या आळीनं बघावं, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. पण ब्रेकचं पेडल लोण्यात बोट घातल्यासारखं खाली जात होतं आणि नेहमीचा कृष्णात मेकॅनिक म्हसवडच्या जत्रेला गेला होता. थांबायचीही सोय नव्हती. जैनाचं घर; दिवस मावळल्यावर सासूबाई जावयालासुद्धा पान वाढत नसत.

पायगोंडांनी बायकोला स्टिअरिंगपुढं बसवलं. तिनं मांडीवर धपाट्यांचा डबा घेतला. ("गाडीचा काय भरवसा!") ते स्वतः पाना घेऊन मागच्या चाकाशी आडवे झाले.

"विजयमाला, दाब म्हटलं की दाबायचं. सोड म्हणेपर्यंत पाय हलवायचा न्हाई."

"व्हय. पण आवं, कुठलं..."

"प्रश्न नकोत!"

दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. चाकामागच्या स्क्रूतून ना हवा, ना तेल.

"दाबून धर," म्हणत पायगोंडा विचारात पडले. थंडीतलं दुपारचं ऊबदार ऊन पायांवर होतं, वाऱ्यावर हळदीचा वास होता. बघता बघता ते आष्ट्याला निघालेसुद्धा. दोन्ही अंगांना ऊस, मोटार अलगद तरंगत चाललेली, ब्रेकची गरजच नाही. दारात सासूबाई उभ्या. पानात पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार. आग्रह सुरू झाला. जावयानं आग्रहाला लगेच हो म्हणायचं नसतं, ही रीत पायगोंडांना झोपेतही ठाऊक होती.

"नको, नको, लय झालं!" ते सुखानं म्हणाले.

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं.

"अजून दाबूनच बसलीयास?"

"तुमी सोड कुठं म्हणालासा?"

त्यांनी आत डोकं घातलं. तिचा पाय क्लचवर होता.

"आगं, ह्यो ब्रेक न्हवं!"

"मला काय ठावं? गाडी शिकवा म्हटलं तर म्हणालासा, बाईमाणसाला काय करायचंय!"

पायगोंडांनी तिचा पाय उचलून मधल्या पेडलवर ठेवला. योग्य पेडल दाबल्यावर मात्र घटकाभरात काम झालं, ब्रेक चांगला घट्ट झाला. पण आष्टा तासाभरावर आणि सूर्य समोरच्या कौलांवर टेकलेला. बाहेरचे कावळे घरट्याकडे निघाले आणि पायगोंडांच्या पोटातले कोकलू लागले.

"धपाटी आण बगू. आजून उजेड हाय!"

विजयमालानं डबा उघडून दाखवला. आत चटणीचा डाग तेवढा होता.

"सगळी खाल्लीस?"

"तुमाला तीनदा इचारलं की, धपाटं घेताय का म्हणून," ती म्हणाली. "तुमी पडल्या पडल्या हसत म्हणालासा, 'नको, नको, लय झालं!'"