भाजलं का?

आमच्या भोरातल्या मुलाणी डॉक्टरांकडे चहाला गेलात की हात भाजणारच. उकळता चहा, स्टीलचा पेला, आणि बशी मागितली तर "फुटली" हे कायमचं उत्तर. पाहुणा "आई गं!" म्हणाला की डॉक्टरांचा चेहरा फुलतो. "भाजलं? लई झ्याक!"

माझं औषधांचं दुकान त्यांच्या लॅबखालीच असल्यामुळे सगळ्यात जास्त बोटं माझीच पोळली आहेत. कातडीचा तुकडा रंगवून मायक्रोस्कोपखाली तपासायचा, हे त्यांचं काम. बोलताना ते तोंडाकडे बघतच नाहीत; कानाच्या पाळ्या आणि भुवया बघतात. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी आशीर्वाद देता देता नवरदेवाचा कान चिमटीत धरला. व्याही अजून मला त्याचा जाब विचारतात.

मध्यंतरी पानशेतकडचा एक म्हातारा सुनेला घेऊन आला. तिच्या दंडावर फिकट चट्टा होता, बोटांवर भाजल्याचे डाग. नायट्याचं मलम चोळून चोळून घरचे थकले होते. डॉक्टरांनी तिच्या हातात पेला दिला. ती तो निवांत धरून बसली. डॉक्टरांनी पेला परत घेतला आणि चट्ट्यावरच्या कातडीचा बारीक तुकडा तपासायला काढला.

तिच्या कातडीच्या तुकड्यात आधी काहीच सापडेना. "नसेल काही," मी म्हणालो. "हाय," म्हणत त्यांनी त्याच तुकड्याचे आणखी पातळ काप काढले आणि जेवायचं विसरून बघत बसले. शेवटी वरून मला हाक आली. निळ्या रंगात बारीक लाल काड्या दिसत होत्या. कुष्ठरोगाचे जंतू. या रोगात कातडी बधिर होते, चटका कळत नाही.

म्हातारा सुनेला घेऊन निकालाला आला तेव्हा मी वर लॅबमध्येच होतो. ऐकून म्हणाला, "मग हिला कुठं नेऊन ठिवायची?"

"कुठं म्हंजी? घरी!" डॉक्टर एवढ्यानं ओरडले की खाली माझं गिऱ्हाईक दचकलं. "सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळत्यात. पोरगी बरी व्हईल. तिला कुठं सोडायची न्हाई, आईकलं?"

"न्हाई सोडत, डाक्टर," म्हातारा म्हणाला.

ते गेल्यावर डॉक्टर खिडकीशी उभे राहिले. "आमची आपा तापलेला तवा नुसत्या हातानं उतरवायची. मी बारका. माझ्या भैनीला चटका बसत न्हाई, म्हणून गल्लीभर मिरवायचो. मग एक दिवस अब्बा तिला एष्टीनं घेऊन गेले. एकलेच परत आले. कुठं सोडली ते मरेस्तोवर सांगितलं न्हाई."

पुण्याला जाताना ते कापूरहोळच्या एष्टी थांब्यावर हमखास उतरतात आणि टपरीवरच्या म्हाताऱ्या बायकांचे हात बघत राहतात. गेल्या खेपेला मी सोबत होतो. एका आजीनं पेला धरला, डॉक्टर दोन पावलं पुढे गेले. तेवढ्यात तिनं तो झटकन खाली ठेवला आणि बोटांवर फुंकर घातली.

"भाजलं तिला," डॉक्टर म्हणाले. पुढचं "लई झ्याक" काही आलं नाही.