मार्लो बेंडचा पांढरा रंग

कोणतंही गाव पहिलं घर उभं राहतं तेव्हा वसत नाही. पहिलं माहितीपत्रक छापलं जातं तेव्हा वसतं. घरं नंतरही बांधता येतात. टेक्ससच्या दक्षिण किनाऱ्यापाशी, खाडीच्या वळणावरचं मार्लो बेंड हे गाव या नियमाला धरून १९१३ सालच्या वसंतात वसलं. माहितीपत्रकात बंदर होतं, नाटकगृह होतं, बंदरात तीन शिडांची जहाजं होती. (जहाजं पुढे आली नाहीत, पण ती काढण्यात चित्रकारानं कसूर केली नव्हती.) मुखपृष्ठावर एक पांढरंशुभ्र घर होतं आणि आत लिहिलं होतं, "या रम्य भूमीवर आजवर कोणीही राहिलेलं नाही."

मुखपृष्ठावरचं घर झेल्मा बर्खार्टचं होतं. छापखान्यात ते वाक्य जुळवलं जात होतं तेव्हा ती त्याच घराच्या ओसरीवर भेंडी चिरत बसली होती. घर तिच्या नवऱ्यानं, ओटोनं, मोठ्या वादळानंतर स्वतः बांधलं होतं. सरूच्या फळ्या, वर दोन हात सफेदा. आगगाडीतून दोन मैलांवरून दिसायचं; खाडीवर बगळा उतरून बसावा तसं. अंगणातल्या अंजिराला पहिलं फळ धरलं त्या वर्षी ओटो गेला. मग दर वसंतात झेल्मा शिडी लावायची आणि सफेद्याचा एक हात द्यायची. माणसाला ठेवता येत नाही, निदान त्याचा रंग तरी ठेवावा, एवढंच तिचं म्हणणं.

माहितीपत्रकानं "शुभ्र घरांचं गाव" असं वचन दिलेलं असल्यानं कॅन्सस, आयोवा, नेब्रास्का इथून माणसं आली, प्लॉट घेतले, घरं बांधली आणि पांढरी रंगवली. तिसऱ्या वर्षी, माहितीपत्रक काढणाऱ्या कंपनीची तेलशुद्धीची भट्टी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात सडक्या अंड्यांसारखा एक वास आला, गावभर हिंडला आणि सकाळपर्यंत सगळ्या पांढऱ्या घरांना काळं करून गेला.

अशा प्रसंगी एखादं मागासलेलं गाव ओरडलं असतं. मार्लो बेंडनं समिती नेमली. समितीत कंपनीचा केमिस्ट, कंपनीचा वकील आणि (निःपक्षपातीपणासाठी) कंपनीच्या दुकानाचा व्यवस्थापक होता. घरं काळी पडण्याची तीन कारणं निघाली: समुद्राकडची दमट हवा, बायकांचं कढईत मासे तळणं आणि मॉकिंगबर्ड पक्षी. पक्ष्यांचं नेमकं काय चुकलं ते अहवालात नाही, पण ते बैठकीला हजरही नव्हते.

पुढचं काम नगरपरिषदेचं. माहितीपत्रकातलं वचन मोडता येत नव्हतं, कारण उरलेले प्लॉट अजून विकायचे होते. तेव्हा ठराव झाला: "मार्लो बेंडच्या हद्दीत पांढरा म्हणजे येथील घरांचा सध्या असेल तो रंग." ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि त्या दिवसापासून गाव पुन्हा शुभ्र झालं.

नंतर तर काळेपणाला मानच आला. घर जितकं काळं, तितकं भट्टीच्या जवळचं. जितकं जवळचं, तितका घरचा माणूस वरच्या हुद्द्यावर. लग्नाचं बोलणं सुरू झालं की मुलीचा बाप मुलाचं घर लांबून पाहायचा आणि समाधानानं म्हणायचा, "चांगलंच काजळलंय की!" कुणाचं घर करडं राहिलं तर शेजारी वाटीभर गम्बोचं कालवण पाठवायचे. बिचाऱ्यांचं कसं चालतं कोण जाणे.

या सगळ्यात झेल्मा तेवढी मागासलेली राहिली. दर वसंतात ती घर पांढरं करायची, रातोरात ते काळं व्हायचं आणि मग ती टोपी घालून ऑर्व्हिल टॅकेटच्या कचेरीत जायची. टॅकेट म्हणजे कंपनीचा जमीन-एजंट. गावातल्या प्रत्येक बाईला, लग्न झालेलीलाही, 'मिस' म्हणत तो मुलीच्या लग्नाची बातमी देत असल्यासारखा हसून भेटायचा.

"मिस झेल्मा! काय हवंय तुम्हाला? भरपाई हवी?"

"नको."

"रंगाचे डबे पाठवू? आमच्याकडे छान तपकिरी आहे."

"तुझा तपकिरी तुझ्या टोपीला लाव. मला एक वाक्य हवंय. 'तुमचं घर आमच्या हवेनं काळं झालं.' चारचौघांत म्हण, मी परत येणार नाही."

टॅकेट दर वर्षी उठून उभा राहायचा, दार उघडून धरायचा आणि म्हणायचा, "मॉकिंगबर्ड फार झालेत यंदा, मॅम."

आठ वर्षं असं चाललं. नवव्या वर्षी अडचण घरातच आली. झेल्माचा मुलगा रॉइस भट्टीवर होता आणि त्याचं नाव फोरमनच्या जागेसाठी निघालं होतं. रविवारच्या जेवणात कॉर्नब्रेडचा तुकडा हातातच धरून तो म्हणाला,

"आई, यंदा नको ना गं. साहेब म्हणाले, घरचं माणूस कंपनीच्या हवेबद्दल बोलत असेल तर जागा देणं कठीण आहे."

"मी हवेबद्दल कुठं बोलते? मी रंगाबद्दल बोलते."

"तपकिरी लाव. बाबांना चाललं असतं."

"तुझ्या बाबांना तू पण चालायचास. त्यांची आवडनिवड अशीच होती." मग त्याच्या ताटात तिनं आणखी एक तुकडा वाढला. "खा. तुझी जागा जाणार नाही. यंदा घर काळं पडणारच नाही."

तिला आठवला तो तिच्या बापाचा शिंपल्यांचा चुना. सफेद्यात शिसं असतं आणि शिसं त्या वासाला भुलतं आणि काळं पडतं. चुना भुलत नाही. तिनं खाडीकाठचे ऑयस्टरचे शिंपले गोळा केले, अंगणात लाकडं रचून भाजले आणि भाजताना लहानपणचं गाणं गुणगुणली:

शिंपल्या गं शिंपल्या, खाडीच्या लेकी,
भाजल्याबिगर नाही शुभ्र झाली एकी.

चुना विझवला, घर माखलं. आठवडा गेला, महिना गेला. गावभरच्या काजळात बर्खार्टांचं घर जाई फुलल्यासारखं पांढरं राहिलं.

झेल्मा जिंकली म्हणावं, तोच टॅकेट फोटोग्राफर घेऊन दारात.

"मिस झेल्मा, तुम्ही आमच्यावर उपकार केलेत. आठ वर्षं लोक काय काय म्हणत होते! आता हे घर बघा म्हणावं. पांढरं! म्हणजे हवेत काही नाही हे सिद्ध झालं."

झेल्मा शिडीच्या पायरीवर खाली बसली. एकुलता एक साक्षीदार तिनं स्वतःच्या हातानं धुऊन काढला होता.

"शनिवारी स्थापना दिन," टॅकेट सांगत होता. "उत्तरेकडून प्लॉट घेणाऱ्यांची खास गाडी येतेय. रुळांकडच्या तुमच्या भिंतीवर आमचं घोषवाक्य लिहायचंय. पुरुषभर उंचीची अक्षरं. रंगारी पाठवतो."

झेल्मानं भिंतीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रंगारी कशाला?" ती म्हणाली. "मीच लिहिते. अक्षर चांगलं आहे माझं."

रॉइसनं हे ऐकलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. ओटोनं सांभाळून ठेवलेल्या सफेद्याचा शेवटचा डबा आईनं कोठीतून बाहेर काढला, तो मात्र त्यानं पाहिला नाही.

शुक्रवारी दुपारी भट्टीची पाळी बदलायच्या वेळी टॅकेट भिंतीसमोर येऊन थांबला. भिंत कोरी.

"मिस झेल्मा, अक्षरं?"

"लिहिली की."

"दिसत नाहीत."

"तुझा केमिस्ट काय म्हणतो? दिसत नाही ते नसतंच. सकाळपर्यंत थांब."

टॅकेट हसला. म्हाताऱ्या माणसांशी कंपनीच्या वतीनं हसायचं असतं, तसं. रात्री वास आला, नेहमीसारखा गावभर हिंडला आणि आपलं काम करून गेला.

सकाळी रुळांकडच्या भिंतीवर, चुन्याच्या शुभ्र पाटीवर, पुरुषभर उंचीची काळीकुट्ट अक्षरं उभी होती:

मार्लो बेंड: येथील हवा निर्मळ आहे

सारं गाव कुंपणापाशी जमलं. प्रत्येकाला कळलं होतं, कारण प्रत्येकानं आपापलं घर असंच काळं होताना पाहिलं होतं. कुणी हसेना. रॉइसचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा पडला होता. टॅकेटनं टोपी काढली, पुन्हा घातली. घोषवाक्य कंपनीचं होतं, शब्दही तेच होते; खोडायला सांगायचं तरी काय? तेवढ्यात गाडी शिटी वाजवत आली आणि स्थापना दिनाचा बँड सुरू झाला.

कॅन्ससचा एक शेतकरी उतरला आणि थेट भिंतीपाशी गेला.

"काय झक्क काळा आहे! कुठला रंग हो हा?"

झेल्मा ओसरीत हाताची घडी घालून बसली होती. टॅकेटनं तिच्याकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं. तो जातिवंत एजंट होता.

"रंग?" तो खणखणीत आवाजात म्हणाला. "साहेब, तो रंग नाही. हे घर आमच्या हवेनं काळं झालं! काल बाईंनी पांढरं लिहिलं, सकाळी हवेनं काळं करून दिलं. आमच्याकडे हवासुद्धा रिकामी बसत नाही, आणि मजुरीही घेत नाही!"

टाळ्या पडल्या. आठ वर्षं मागितलेलं वाक्य चारचौघांत, बँडच्या साथीनं, शब्दाशब्दानं म्हटलं गेलं. झेल्मानं ते नीट ऐकलं. शब्द दिला होता, म्हणून ती परत कचेरीत गेली नाही. दुपारपर्यंत प्लॉट संपत आले. कंपनीच्या प्रचारासाठी घराची भिंत दिल्याबद्दल तिच्या मुलाला फोरमन करण्यात आलं.

त्या दिवशी काढलेला भिंतीचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर अजून येतो आणि पाहणाऱ्यांत अजूनही एकच वाद होतो, अक्षर बाईचं की पुरुषाचं.

तुम्ही अर्थात झेल्माच्या बाजूचे. गावानं मुळीच अक्कल चालवली नाही, असं तुमचं मत झालं आहे. तरीही "संपत आले" हे तुमच्या नजरेतून सुटलेलं नाही; म्हणजे एखादा उरला असणार. उरला आहे. कोपऱ्याचा, पूर्वेला तोंड, समोर रुंद रस्ता, स्टेशन हाकेच्या अंतरावर. पाहा, एवढं सगळं मनात विचारून झालं तुमचं, पण वारा कुठून येतो ते काही विचारलं नाहीत.