लिंडेनहाउजनचे बापटकाका

बापटकाकांना कुणी "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं, की ते सांगली म्हणत नाहीत. "लिंडेनहाउजन," म्हणतात, आणि समोरच्याचा चेहरा कोरा दिसला की गावाचा इतिहास सुरू होतो. इंग्लंडमध्ये रीडिंगला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो जिन्यात उभी राहून ऐकला. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. फ्रोजन मटार विरघळले, पण गाव काही संपेना.

लिंडेनहाउजन हे जर्मनीत स्टुटगार्टजवळचं एवढंसं गाव. काका तरुणपणी इंजिनियर म्हणून तिथे गेले ते रिटायर होऊनही तिथेच राहिले. गावात आधी द्राक्षमळे होते, मग विणकर आले, मग आग लागली आणि एक बुरूज तेवढा उरला. ही आग काका अशी सांगतात, जणू बादल्या घेऊन ते स्वतः रांगेत उभे होते. पुढे रेल्वे आली आणि गावाने ठरवून टाकलं, कामाला शहरात जायचं आणि झोपायला गावात यायचं. रविवारी तिथे गवत कापायचं यंत्र सुरू करायची कुणाची छाती नाही. आमच्या गल्लीत रविवारी ते घरघरलं की काका धाडकन खिडकी लावतात. "आमच्या गावात हे चालत नाही."

सुधाकाकू गेल्यावर मुलाने त्यांना इथे आणलं आणि वर्षभरात तो स्वतःच नोकरीसाठी एडिंबराला गेला. आमच्या इमारतीत फ्लॅट तीनच. वर काका, मध्ये मी आणि माझा नवरा निखिल, खाली बस चालवणारा डॅरेन.

एका रविवारी बेल वाजली. दारात काका, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात दोरी ओवलेली लाकडी पाटी. पाटीवर जर्मनमध्ये काहीतरी लिहिलेलं.

"हा आठवडा तुझा," काका म्हणाले.

"कसला?"

"जिना झाडायचा. आमच्या गावात ज्याच्या दारावर पाटी, त्याने जिना झाडायचा. आठवडा संपला की पाटी शेजारी द्यायची."

"पण काका, दर गुरुवारी क्लीनर येते ना? सर्व्हिस चार्जमध्येच आहे ते."

"तिला कोपरे दिसत नाहीत."

निखिल म्हणाला, "जस्ट इग्नोर कर, कंटाळतील ते." काका आणि कंटाळणार! एकदा मॅनेजिंग एजंटची ईमेल आली, की फायर सेफ्टीमुळे दारांवर काही लटकवू नये. मी मनात म्हटलं, सुटले. काकांनी चष्मा वर करून माझ्या फोनवर ती दोनदा वाचली. पण पडले तरी नाक वर. "लटकवायची नाही ना? मग हातोहात द्यायची. दारात नुसती ठेवून जायचं नाही, बेल वाजवायची."

पुढच्या खेपेला पाटी आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. "काका, जिना लख्ख आहे. कशाला हा हट्ट?"

काका पायरीवर बसले.

"सकाळची गाडी गेली की आमचं गाव रिकामं व्हायचं," ते म्हणाले. "मी त्या गाडीत. सुधा घरात. तिला भाषा येत नव्हती, हाक मारायला कुणी नव्हतं. समोरची बाई पाटी द्यायला यायची, तेवढीच काय ती बेल. त्या दिवशी सुधा सकाळपासून चांगली साडी नेसून बसायची. मला याचा पत्ताच नव्हता गं. शेवटच्या आजारपणात तिने सांगितलं. म्हणाली, त्या पाटीवर मी तिथे तगले."

निखिल रोज सकाळी लंडनची गाडी पकडतो, संध्याकाळपर्यंत पार्सलवाल्याशिवाय आमची बेल कुणी वाजवत नाही, हे मी आईलासुद्धा फोनवर सांगितलं नव्हतं.

"बाहेरून येताना तू खिडकीत बसलेली दिसायचीस," काका म्हणाले. "म्हटलं, पाटी सुरू करावी."

मला रडू आलं, आणि मी त्यांच्यासमोरच रडले. काका अवघडून कठडा पुसत बसले.

नंतर माझ्या लक्षात आलं. काकांकडून पाटी माझ्याकडे येते, मी ती डॅरेनला देते, आणि डॅरेन ती खाली दाराजवळच्या काकांच्या पोस्टबॉक्समध्ये टाकून मोकळा होतो. म्हणजे माझी बेल वाजत होती, डॅरेनची वाजत होती. काकांची तेवढी नाही.

मी तडक खाली गेले आणि डॅरेनला सांगितलं, की पाटी वर नेऊन द्यायची.

"बॉक्समध्ये टाकली तर काय बिघडलं?" तो म्हणाला. "दिवसभर बस चालवून गुडघे दुखतात."

"सावकाश चढ. पण वर जायचं, बेल वाजवायची, हातात द्यायची." मी एवढं ठणकावून कुणाला कधी बोलले नव्हते. डॅरेनने खांदे उडवले आणि बरं म्हणाला.

त्याची पाळी संपली त्या रविवारी त्याचे जड बूट आमच्या दारावरून हळूहळू वर गेले. मी आत दाराला कान लावून उभी. वर बेल वाजली, दार उघडलं, आणि जरा वेळाने काकांचा आवाज आला. ते डॅरेनला लिंडेनहाउजनच्या आगीबद्दल सांगत होते. मी चहा ठेवला, तो उकळला, गाळला, पिऊन झाला, तरी वरचं दार लागलं नव्हतं.