गोदामावशींचं इमान

नांद्यात खोली घेतली त्याच संध्याकाळी घरमालकीण गोदामावशी ओट्यावरून ओरडल्या, "गेलं इमान!" मी जिन्यातच थबकलो. डिपॉझिट रोख दिलं होतं, एकटाच राहणार हेही खरं सांगितलं होतं. मग कळलं, मावशींच्या बोलीत इमान म्हणजे विमान, आणि ते त्यांच्या मोबाइलमध्ये होतं.

पैसे लावायचा खेळ तो. विमान वर चढतं तसे लावलेले पैसे वाढत जातात. पण ते केव्हाही पसार होतं. त्याआधी बटण दाबून उतरलात तर पैसे तुमचे, नाहीतर बुडाले. एकाच विमानात शेकडो माणसं, आणि सगळ्यांची नावं आणि लावलेले पैसे शेजारी दिसतात.

मावशी दहाच रुपये लावायच्या आणि विमान जमीन सोडतंय तोच उतरायच्या. शास्त्र मात्र दांडगं. तीनदा लवकर पळालं की चौथ्यांदा उंच जाणार. पाय ओट्याखाली सोडून बसलं की हमखास बुडणार. मी ऑफिसात आकडेमोडच करतो, म्हणून शहाणपणा शिकवला, की मागच्या फेरीचा पुढच्या फेरीशी काही संबंध नसतो. "तू लई शिकलायस," म्हणाल्या, आणि पाय वर घेतले.

मला एकच कळेना. स्वतः उतरून मोकळ्या झाल्या की मग बाईंचा जीव टांगणीला लागायचा. पदर मुठीत, डोळे स्क्रीनवर. "उतर रं. बास झालं, उतर." विमान गेलं की तोंड एवढंसं व्हायचं. दहाचे बारा करून बसलेल्या बाईला रडू कशाचं येतं?

परवा न राहवून विचारलं. त्यांनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. पाखऱ्या.

"आमच्या बैलाचं नाव हाय. इलासनं घेतलंय."

विलास त्यांचा मुलगा. जमिनीच्या पैशातून महाळुंग्याला फ्लॅट घेऊन राहिलाय. याच खेळावरून मायलेकांचं वाजलं, तेव्हापासून तो आईचा फोन उचलत नाही. आता फ्लॅटही विकायला काढलाय म्हणे.

त्या फेरीत पाखऱ्याचे आठ हजार गेले. मावशींनी मोबाइल माझ्या हातात दिला. खेळणारे तिथं एकमेकांना दोन-चार शब्द लिहितात, ते त्यांना ठाऊक होतं.

"लिव," म्हणाल्या, "जेवला का म्हणून."

मी लिहिलं. थोड्या वेळानं पाखऱ्याचं उत्तर आलं, "कोण?"

मी 'आई' लिहायला घेतलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नगं. कळलं तर दुसऱ्या खेळात जाईल त्यो. मंग मला कुटं दिसायचा?"